पुसट माणसे

दिवाळीच्या आधीची साफसफाई हा आमच्या घरी एक सोहळाच असतो. माळ्यावरचे डबे खाली येतात, पितळेची भांडी चिंच लावून घासली जातात, आणि आजीची पत्र्याची ट्रंक उघडली की सगळ्या कामाचा विचका होतो. कारण ट्रंकेत फोटो आहेत, आणि फोटो हाती आले की झाडू जिथल्या तिथे पडतो. यंदाही तसेच झाले. तळहाताएवढा एक फोटो निघाला. लालबागच्या बाजूला आमचे बिऱ्हाड होते, त्या चाळीची गॅलरी. कठड्याशी आजोबा काळी टोपी घालून ताठ उभे आहेत, शेजारी आजी, तिच्या कडेवर माझे वडील. आणि डाव्या बाजूला, दोन खांबांच्या मध्ये, एक बाई. बाई कसली, बाईचा नुसता आकार. हातात बादली असावी. फोटो निघत असतानाच ती चालत पुढे गेली असणार. तिचा चेहरा धुरासारखा पसरला आहे.

"आत्या, ही कोण गं?" मी विचारले.

आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "अरे, ही तिसऱ्या खोलीतली. गिरणीत जायची, वायंडिंग खात्यात. मला खाऊ द्यायची रोज. नाव बघ कसं आठवत नाही. आणि चाळ पाडली तेव्हा ती कुठं गेली, कोण जाणे!"

मी शाळेत मुलांना इतिहास शिकवतो. सनावळ्या मला पाठ आहेत. पण तिसऱ्या खोलीतली ती बाई माझ्या डोक्यातून जाईना, कारण अशीच पुसट माणसे मी पूर्वी एका पुस्तकात पाहिली होती. ती होती फार दूरच्या एका शहरातली, दीडशे वर्षांपूर्वीची. त्या शहराचा आणि आपल्या मुंबईचा एक धागा जुळतो. तोच आज वाचकांपुढे उलगडून ठेवावा असे मनात आहे.

*

ते शहर म्हणजे स्कॉटलंडमधले ग्लासगो. क्लाइड नदीच्या काठी वसलेले. अठराव्या शतकात तंबाखूच्या व्यापारावर ते गबर झाले; एकोणिसाव्या शतकात तिथे सूतगिरण्या आल्या, लोखंडाच्या भट्ट्या आल्या, जहाजे बांधण्याचे कारखाने आले. १८०१ साली तिथली वस्ती होती सुमारे ७७ हजार. १८६१ पर्यंत ती चार लाखांच्या घरात गेली. ही माणसे आली कुठून? हायलँड्सच्या डोंगराळ मुलखात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना हुसकून लावले होते. समुद्रापलीकडे आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. अशी दोन्हीकडची माणसे पोट हातावर घेऊन ग्लासगोत आली. आपले कोकणातले आणि घाटावरचे लोक वळकटी घेऊन गिरणगावात उतरले, तशीच म्हणा ना.

ती राहिली कुठे? जुन्या ग्लासगोत हाय स्ट्रीट, साल्टमार्केट, गॅलोगेट असे रस्ते होते. तिथल्या मोठ्या घरांतले सुखवस्तू लोक पश्चिमेकडच्या मोकळ्या हवेत राहायला गेले. मागे राहिलेल्या घरांच्या खोल्या झाल्या, खोल्यांच्या अर्ध्या खोल्या झाल्या. परसातल्या बागांत घरमालकांनी आणखी इमारती चढवल्या. पुढच्या इमारतीतून मागच्या इमारतीकडे जाण्यासाठी बोळ ठेवलेला असे. त्याला तिकडे 'क्लोज' म्हणतात. समोरासमोर दोन माणसे आली तर एकाने अंग चोरावे इतका तो अरुंद. मध्यभागी गटार, वर आभाळाची एक चिंधी. पटकी आणि टायफसचा ताप त्या बोळांतून वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असत.

नगरपालिकेने उपाय म्हणून १८६२ च्या कायद्याने लहान घरे मोजायला घेतली. दर प्रौढ माणशी ३०० घनफूट हवा, असा हिशेब करून दारावर पत्र्याची एक पाटी ठोकायची. या खोलीत इतकीच माणसे झोपतील, असे त्या पाटीवर लिहिलेले. रात्री अपरात्री निरीक्षक येऊन दार ठोठावायचे आणि डोकी मोजायचे. मग जास्तीची माणसे कपाटांत दडायची, छपरावर जाऊन बसायची. स्कॉटलंडच्या थंडीत छपरावर! भाडे परवडावे म्हणून ठेवलेला पोटभाडेकरू, नाहीतर गावाहून आलेला भाऊ, ही ती जास्तीची माणसे. हे वाचताना मला आमच्या चाळीतली रात्र आठवली. एका खोलीत नऊ जण, आणि पाहुणा आला की गॅलरीत पथारी.

पाट्यांनी काही भागेना. तेव्हा १८६६ साली पार्लमेंटने ग्लासगोसाठी शहरसुधारणेचा कायदा केला. जुन्या शहरातली ८८ एकर जागा विकत घेऊन ती पाडायची आणि नवे रुंद रस्ते काढायचे. या जागेत सुमारे पन्नास हजार माणसे राहत होती. त्याच वर्षी नगरप्रमुख जॉन ब्लॅकी, शहराचे वास्तुविशारद जॉन कॅरिक आणि आरोग्याधिकारी डॉक्टर गेर्डनर अशी मंडळी पॅरिसला जाऊन आली. तिथे ओसमान नावाच्या अधिकाऱ्याने जुने शहर फोडून सरळ हमरस्ते काढले होते, ते पाहायला. परत आल्यावर सुधारणेसाठी नवा कर बसला, आणि कर कोणाला आवडतो? ब्लॅकीसाहेब निवडणुकीत पडले. योजना मात्र चालू राहिली.

*

आता फोटोवाल्याकडे येऊ. थॉमस ॲनन त्याचे नाव. जन्म १८२९ चा, फाइफ परगण्यातला. ग्लासगोत त्याचा फोटोचा धंदा होता. १८६८ साली सुधारणा मंडळाने त्याला सांगितले, की हे बोळ आता पडणार. पडण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेव.

आजच्या मुलांना हे काम किती कठीण होते याची कल्पना यायची नाही. खिशातून फोन काढला की फोटो, असा तो काळ नव्हता. काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच अंधारात नेऊन धुवायची. काच वाळली की सगळे फुकट. त्यामुळे अंधारखोली जवळ पाहिजे. काचा, बाटल्या, पाणी सगळे बोळापर्यंत वाहून न्यायचे. आणि बोळात उजेड किती? कॅमेऱ्याचे तोंड कित्येक सेकंद उघडे ठेवावे लागे.

भिंत स्थिर असते. ती चित्रात लख्ख उतरली. ॲननच्या चित्रांतला दगड न् दगड मोजता येतो. ओलीने फुगलेला गिलावा, झिजलेल्या पायऱ्या, खिडक्यांतून बाहेर काढलेल्या काठ्यांवर वाळत घातलेले कपडे. माणसे मात्र हलतात. मूल पाय खाजवते, बाई मागे वळून पाहते, म्हातारा खोकतो. म्हणून त्या चित्रांतली कितीतरी माणसे पुसट आहेत. एखाद्या पोराला दोन डोकी दिसतात, एखाद्या बाईच्या अंगातून मागची भिंत दिसते. काही जण तर आले आणि गेले. जमिनीजवळ धुक्याचा एक पट्टा तेवढा उरला.

या चित्रांची नावे पाहा. 'क्लोज नंबर ११८, हाय स्ट्रीट.' 'क्लोज नंबर ४६, साल्टमार्केट.' बोळाला आकडा आहे, रस्त्याला नाव आहे. बोळाच्या तोंडाशी घोळका करून उभ्या असलेल्या माणसांना काहीच नाही. आणि असणार तरी कसे? चित्रे मागवली होती पाडणाऱ्यांनी. १८७१ साली ३१ चित्रांचा संग्रह तयार झाला तो सुधारणा मंडळासाठी. पुढे १८७८-७९ च्या सुमारास वाढीव चित्रांसह १०० प्रती निघाल्या. बोळात राहणाऱ्या कोणाच्या भिंतीवर त्यातले एखादे चित्र लागले असेल असे वाटत नाही. त्या भिंतीच उरल्या नव्हत्या.

ॲननला दोष द्यावा असे मात्र मला वाटत नाही. त्याने त्या माणसांना हाकलले नाही, की त्यांच्या गरिबीचा तमाशा मांडला नाही. ती होती तशी उभी राहू दिली. पण त्याला सांगितलेले काम घरांचे होते, माणसांचे नव्हते. माणसे त्या चित्रांत आली ती आपसूक.

ती पुढे गेली कुठे? मंडळाची कल्पना अशी, की जागा मोकळी झाली की खासगी बांधकामवाले घरे बांधतील. काही बांधली गेली, ती बऱ्या पगाराच्या कारागिरांना परवडणारी. हमालाला, फेरीवालीला, विधवेला ती परवडणारी नव्हती. ती माणसे शेजारच्या आधीच भरलेल्या बोळांत जाऊन दाटीने राहिली. मग ऑक्टोबर १८७८ मध्ये 'सिटी ऑफ ग्लासगो बँक' बुडाली आणि बांधकामाचा धंदाच बसला. जुनी घरे मंडळाच्या गळ्यात पडली, आणि झोपडपट्टी पाडायला निघालेले मंडळ स्वतःच तिचे घरमालक होऊन भाडे वसूल करू लागले! स्वतः घरे बांधायला ते नेटाने लागले ते त्यानंतर दहाएक वर्षांनी. तोवर बोळातली लहान पोरे मोठी होऊन गेली होती.

*

ज्या पॅरिसचा कित्ता ग्लासगोने गिरवला, तिथेही एक फोटोवाला होता. शार्ल मारव्हिल. त्याचे मूळ आडनाव बॉस्यू, म्हणजे कुबडा. बिचाऱ्याने ते टाकून दिले आणि नवे घेतले. शहराचा अधिकृत छायाचित्रकार म्हणून त्याने पाडायच्या ठरलेल्या जुन्या गल्ल्यांची चारशेहून अधिक चित्रे काढली. ओले फरसबंद रस्ते, भिंतींवरच्या जाहिराती, आणि माणूस जवळजवळ नाहीच. पण त्याचे एक चित्र वेगळे आहे. १८७७-७८ च्या सुमाराचे, शहराच्या पूर्व कडेच्या शांप्लँ रस्त्याच्या टोकाचे. समोर उतारावर फळकुटांच्या नि पत्र्यांच्या झोपड्या, आणि मागे क्षितिजावर पसरलेले शहर. मधल्या शहरातून उठवलेली गरीब माणसे कडेला जाऊन पडली, ती या चित्रात सापडतात. गल्लीचे चित्र काढणे वेगळे आणि गल्लीतल्या माणसाच्या मागे शहराच्या वेशीपर्यंत जाणे वेगळे.

आता न्यूयॉर्कचा किस्सा ऐका. याकोब रीस हा डेन्मार्कमधला मुलगा १८७० साली अमेरिकेत आला तो एकविसाव्या वर्षी, जवळजवळ रिकाम्या खिशाने. उपाशी राहिला, पोलीस चौकीतल्या बेघरांच्या खोलीत झोपला. तिथे एका शिपायाने त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे कुत्रे मारले. हे तो जन्मभर विसरला नाही. पुढे तो वर्तमानपत्राचा बातमीदार झाला, आणि मलबेरी स्ट्रीटच्या पोलीस कचेरीसमोर बसून आजूबाजूच्या चाळींच्या बातम्या लिहू लागला. लिहून कोणी हलेना. १८८७ साली त्याच्या वाचनात आले, की जर्मनीत एक अशी भुकटी निघाली आहे, ती पेटवली की अंधारातही फोटो निघतो. झाले! मध्यरात्री हा गडी सोबत्यांना घेऊन अंधाऱ्या खोल्यांत शिरायचा, भपकन उजेड व्हायचा, आणि झोपलेली माणसे दचकून उठेपर्यंत मंडळी पसार.

एकदा आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत त्या भुकटीने भिंतीवरच्या चिंध्या पेटल्या. रीसने स्वतःच कशीबशी आग विझवली. बाहेर येऊन धापा टाकत शिपायाला सांगितले, तर तो हसायला लागला. हे घर जळायचे नाही म्हणाला. भिंतींवर मळाचे थरच इतके आहेत की आग आपोआप गुदमरते. ही गोष्ट रीसनेच लिहून ठेवली आहे.

१८९० साली त्याचे 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज' हे पुस्तक निघाले आणि खळबळ उडाली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट त्याला भेटायला आले, आपण काय मदत करू म्हणाले. १८९५ मध्ये रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळावर आले, आणि दुसऱ्याच वर्षी चौक्यांमधल्या त्या घाणेरड्या खोल्या बंद झाल्या. मलबेरी बेंड नावाची बदनाम वस्ती पाडली गेली आणि १८९७ साली तिथे बाग झाली. कॅमेऱ्याच्या जोरावर एवढा पालट घडवून आणणारी माणसे थोडीच. ते श्रेय त्याला द्यायलाच हवे.

पण पुस्तक वाचताना मास्तर म्हणून माझी लाल शाई दोन ठिकाणी थांबते. इटालियन, ज्यू, चिनी लोकांविषयी तो जे सरसकट लिहितो, ते आज वाचवत नाही. स्वतः परदेशातून उपाशी आलेला माणूस दुसऱ्या उपाशी आलेल्यांना जातीवरून तोलतो! आणि दुसरी गोष्ट बेंडची. बाग झाली, मुले हिरवळीवर आली, फार चांगले झाले. मात्र तिथली बिऱ्हाडे कुठे जातील याची सोय कायद्याने केली नव्हती. ती दुसऱ्या चाळींत गेली आणि बातमीतून नाहीशी झाली. रीस १९१४ साली गेला. त्याच्या काचा कित्येक वर्षे जुन्या घराच्या माळ्यावर पडून होत्या. १९४० च्या दशकात अलेक्झांडर ॲलंड या छायाचित्रकाराच्या खटपटीने त्या सापडल्या आणि न्यूयॉर्क शहराच्या संग्रहालयात गेल्या. माळ्यावर काय काय पडलेले असते पाहा.

*

आता घरी येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या वैद्याने प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाख वस्तीतले जवळजवळ पावणेचार लाख लोक शहर सोडून गेले. सरकार चाळींत शिरले. कौले उतरवून खोल्यांत ऊन पाडले, पंपांनी पाणी मारले, चुना फासला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजीत 'यू. एच. एच.' ही तीन अक्षरे रंगवली. ग्लासगोच्या दारावरची पत्र्याची पाटी आठवते ना? तिचीच ही धाकटी बहीण.

त्या वर्षाची छायाचित्रे आहेत. कॅप्टन मॉस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ती जपली गेली. पाण्याचा बंब, घराची झडती, इस्पितळातली माणसे, ओळीने उभे केलेले लोक. सरकार काय करीत आहे, हे त्यांत स्वच्छ दिसते. ज्यांच्या घरात सरकार शिरले त्यांच्या मनात काय होते ते मात्र दिसत नाही. ते कळायला १८९७ च्या पुण्याचा आणि १८९८ च्या मुंबईतल्या दंग्याचा इतिहास वाचावा लागतो.

१८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याच्यापुढे उदाहरण होते ग्लासगोचे. सुरुवातीला म्हटलेला धागा तो हाच. नागपाड्यापासून पाडापाडी सुरू झाली. समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे रुंद रस्ते काढले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग. सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. दादर-माटुंग्याच्या नीटस वसाहती ट्रस्टच्याच योजनेतल्या. आपण त्या रस्त्यांवरून जातो, वारा खातो, आणि तो चांगलाच लागतो. पण पाडलेल्या खोल्यांतली माणसे लगतच्या वाड्यांत आणि चाळींत आणखी दाटीने राहिली, भाडी चढली, हा ग्लासगोचाच पाठ पुन्हा गिरवला गेला. १९३३ साली ट्रस्ट नगरपालिकेत विलीन झाला. त्यानंतर गिरण्या आल्या भरास, १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, आणि त्यांच्या जागी काचेचे उंच मनोरे आले. पाडायच्या आधी हल्ली इमारतीचे मोजमाप फार बारकाईने होते. फोटोही निघतात.

सगळे फोटोवाले पाडणाऱ्यांच्याच सांगण्यावरून आले असे मात्र नाही. आपल्याच मराठी मुलखातल्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. हे कामगार बहुतांशी दलित. शहर ज्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करते, त्यांच्या कामाकडे त्यांनी आपल्याला टक लावून बघायला लावले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतली माणसे पुसट नाहीत. आता काचा सुधारल्या आहेत, कॅमेऱ्याचे तोंड क्षणात मिटते. त्यामुळे माणूस पुसट राहिलाच, तर त्याचा दोष यंत्राला देता येणार नाही.

*

हे सारे त्या संध्याकाळी मी घरात सांगत बसलो. धाकट्याने विचारले, "मग त्या ग्लासगोच्या फोटोवाल्याने त्यांची नावं का नाही विचारली?" मला उत्तर आले नाही. वर्गातही अशा प्रश्नाला मी फळा पुसायला घेतो.

आत्याने मात्र पेन्सिल मागितली. ट्रंकेतला एकेक फोटो उलटा करून तिने मागे नावे लिहायला सुरुवात केली. कोणाचे लग्न, कोणाचे बारसे, कोणत्या खोलीतले. हात थरथरतो, अक्षर वाकडे येते, पण लिहीत राहिली. गॅलरीतल्या फोटोपाशी ती थांबली. आजोबांचे नाव लिहिले, आजीचे लिहिले, माझ्या वडिलांचे लिहिले. मग बराच वेळ बसून राहिली. नाव काही आठवले नाही. शेवटी तिने लिहिले: 'डावीकडे, तिसऱ्या खोलीतल्या बाई. वायंडिंग खात्यात होत्या. मला रोज चणे द्यायच्या.'

वाचकहो, या चार दिवसांत तुमच्या घरीही ट्रंक उघडेल. फराळाची ताटे झाली, फटाक्यांचा धूर निवळला, की घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ फोटो आणि पेन्सिल घेऊन बसा. पहिल्या रांगेतल्यांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात. कडेला कोण उभे आहे, तेवढे विचारून घ्या.